अडगळीलाही चेहरा असतो!

दिवाळी जवळ आली की तुमच्या-आमच्या घरी एक प्रवेश ठरलेलाच असतो, नाही का? माळ्यावरून काहीतरी खाली उतरवलं जातं, धुळीचा लोट उडतो, दोन शिंका येतात आणि घरातलं कुणीतरी विचारतं, "हे अजून ठेवलंय तरी कशाला?" आपल्याजवळ उत्तर नसतं. मग ती वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते आणि माळा मोकळा झाला म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो.

मीही एकदा असाच टाकला होता. आधी तेच सांगते, म्हणजे हा लेख मी का लिहिते आहे ते तुमच्या लक्षात येईल.

१९८२ साली लग्न होऊन मी नांदेडला आले. माहेर माझं औसा तालुक्यातलं. लातूर जिल्हा वेगळा झाला तो त्याच साली, त्यामुळे माहेरच्या पत्रावर जिल्हा कोणता लिहायचा याचा पहिले सहा महिने माझा गोंधळ व्हायचा! सासरी न्हाणीघरात एक मोठं पितळी घंगाळ होतं. पोचे पडलेलं, एक कडी निखळलेली, आणि दर आठवड्याला चिंच लावून घासायचं म्हणजे हात भरून यायचे. ते दिवस स्टीलच्या वेडाचे होते. जिच्या फळीवर स्टीलचे डबे ओळीने चमकताहेत ती सुगरण, असा हिशेब. दोन वर्षं कशीबशी काढली आणि एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या असताना मी ते घंगाळ मोडीत घालून स्टीलचे पाच डबे घेऊन आले. नवी नवलाई! डबे मांडूनसुद्धा ठेवले.

सासूबाई आल्या. त्यांनी डबे पाहिले, न्हाणीघरात डोकावून आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याच्या काठावर नाव होतं. वाचलं होतंस का गं?"

मी वाचलं नव्हतं. दोन वर्षं दर आठवड्याला घासत होते, पण वाचलं नव्हतं. ते त्यांच्या आईचं नाव होतं. आंदणात आलेलं ते भांडं. त्यांच्या आईचा फोटो नव्हता, कसलं कागदपत्र नव्हतं. ती बाई या जगात होती याची लेखी खूण तेवढी एकच, आणि ती मी वजनावर विकली होती. सासूबाईंनी पुन्हा कधी विषय काढला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आपल्या अल्बमात काय नसतं?

तुमचा जुना अल्बम काढून बघा. लग्नं आहेत, मुंजी आहेत, बारशी आहेत. स्टुडिओत काढलेला एखादा जोडफोटो आहे. मागे रंगवलेला पडदा, बाजूला कागदी फुलांची फुलदाणी, आणि जिच्यावर आई बसली आहे ती खुर्चीसुद्धा स्टुडिओवाल्याची! आईने जन्मभर जिच्यापुढे बसून भाकरी थापल्या ती चूल कुठे आहे? तिची परात, काठवट, तिचा पाटा-वरवंटा, सांजवात लावायची ती दिवळी? एकही नाही.

दोष कुणाचाच नाही. फोटो महाग होते आणि आपल्या भागात ते उशिरा आले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. खुद्द हैदराबादेत मात्र राजा दीनदयाळ यांच्यासारखा नामांकित छायाचित्रकार होता, आणि १८९२ साली तिथे केवळ पडदानशीन बायकांसाठी त्यांनी जनाना स्टुडिओ उघडला होता. तो चालवायलाही बाईच होती, मिसेस केनी-लेव्हिक नावाची. पण ती सोय सरदार-उमरावांच्या घरच्या बायकांची. औशाच्या किंवा कंधारच्या खेड्यातल्या आपल्या पणजीपर्यंत ती कुठली पोचायला? माणसाचाच फोटो आयुष्यात एकदा निघायचा, तिथे घंगाळाचा कोण काढणार!

आज तशी स्थिती नाही. तुमच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याशेजारी जो मोबाइल पडलेला असतो, त्यात बरा कॅमेरा आहे आणि फोटोला पैसा पडत नाही. तरी आपण काढतो काय? पुन्हा लग्नं, वाढदिवस आणि जेवणाची ताटं!

खराट्याचा फोटो, मिरचीचा फोटो

तुम्ही म्हणाल, मोडक्या खुर्चीत आणि काळ्या तव्यात फोटो काढण्यासारखं काय आहे? तर ऐका. फोटोची कला अगदी रांगत होती तेव्हा, १८४४ साली, इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट नावाच्या गृहस्थांनी एक फोटो काढला. कागदावर फोटो उतरवायची युक्ती ज्यांनी शोधली त्यांच्यातले हे एक. मनात आणलं असतं तर राजवाडे काढले असते. पण त्यांनी काढला एक उघडा दरवाजा, त्याला तिरका टेकवून ठेवलेला खराटा आणि बाजूला टांगलेला कंदील. बस्स! झाडता झाडता कुणीतरी खराटा टेकवून आत गेलंय आणि आता बाहेर येईल, असं वाटतं बघताना. जगातल्या नामवंत जुन्या फोटोंमध्ये तो आजही मोजला जातो.

अमेरिकेतल्या एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली चक्क एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. मिरची पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात ठेवली, म्हणजे उजेड सगळीकडून हळुवार फिरून तिच्यावर पडावा. तो फोटो पाहिला की आपण हजार वेळा चिरलेली मिरची नीट पाहिलीच नव्हती, हे कबूल करावं लागतं.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच देशातल्या दयानिता सिंग यांनी रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढले. त्यांचं एक छोटं पुस्तकच २००५ साली निघालं. माणूस नाही, नुसत्या खुर्च्या. तरी कोण बसत असेल, कसं बसत असेल ते कळतं. २०२२ साली त्यांना छायाचित्रणातला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

पुण्याचं राजा केळकर संग्रहालय तर तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी सहलीत पाहिलं असेल. दिनकर केळकरांचा व्यवसाय होता चष्म्यांचा, आणि 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही करायचे. त्यांचा राजा नावाचा लहान मुलगा गेला. पुढे गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेला संग्रह त्याच्या नावाने उभा राहिला. वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यात दिवे, अडकित्ते, फणेरपेट्या, दारं, स्वयंपाकघरातली भांडी, म्हणजे लोक जे अडगळ म्हणून काढून टाकत होते तेच कितीतरी आहे. या कामात त्यांना पत्नी कमलाबाईंची साथ होती.

आपल्याला संग्रहालय थोडंच उभारायचंय? दोन खोल्यांच्या घरात जाते आणि बंब ठेवणार कुठे? पण फोटोला जागा लागत नाही.

डोळा कसा बसवायचा?

मी कुठे शिकलेली नाही. चुका करत करत जे जमलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे उजेड. दिवा बंद करा, मोबाइलचा फ्लॅशही बंद ठेवा. फ्लॅशने वस्तू चपटी दिसते आणि मागे काळी सावली पडते. सकाळी आठ-नऊला किंवा उन्हं कलल्यावर, दाराजवळ किंवा खिडकीपाशी वस्तू ठेवा. उजेड बाजूने आला पाहिजे. बाजूच्या उजेडात पाट्याचे टाकीचे घाव दिसतात, सुपाची वीण दिसते, तव्याच्या काळ्यातसुद्धा चार छटा दिसतात.

तांब्या-पितळेचं भांडं आरशासारखं चमकतं आणि त्यात आपलंच ध्यान उमटतं! त्यावर उपाय सोपा. खिडकीवर जुनं पांढरं धोतर टांगा. उजेड गाळून येतो आणि भांडं मऊ दिसतं.

वस्तू लगेच घासायला घेऊ नका. आपला हात शिवशिवतो, ठाऊक आहे मला. पण पहिला फोटो आहे तसा, धुळीसकट घ्या. दुसरा पुसून घ्या. पुष्कळदा पहिलाच चांगला निघतो.

मागे काय दिसतंय ते बघा. बादली, मिक्सरची वायर, कॅलेंडर बाजूला करा. साधी भिंत, गोधडी किंवा नुसती फरशी पुरते.

खाली बसा. उभ्याने वरून काढला की जाते भाकरीएवढं दिसतं. पाटावर बसून, हात गुडघ्यावर टेकवून काढा. हात हलणार नाही. आणि भिंग पदराने पुसून घ्या. आपल्या मोबाइलवर फोडणीचा हात लागलेला असतोच!

आता सगळ्यात महत्त्वाचं. झिजलेली जागा शोधा. जात्याचा खुंटा जिथे गुळगुळीत झालाय, उलथन्याची कड जिथे एका बाजूने खाल्ली गेलीय, पोळपाटाचा मधला भाग जिथे खोलगट झालाय, तिथे जवळ जाऊन एक फोटो घ्या. उलथनं उजव्या बाजूने झिजलंय की डाव्या, त्यावरून ते वापरणारी बाई डावरी होती का हेसुद्धा कळतं. आणि भांड्यावर नाव असेल तर ते वाचा! अक्षरं पुसट असतील तर भांडं हळूहळू फिरवा. तिरप्या उजेडात ती वर येतात.

शेवटी लिहून ठेवा. कुणाचं, कुठून आलं, कशाला वापरत होते. नुसता फोटो मुका असतो. जमतील तेवढे फोटो कागदावर छापून घ्या, कारण मोबाइल पाण्यात पडला की सगळंच गेलं. फोटोमागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे उमटतं. चिकट पानांच्या अल्बममध्ये मात्र ठेवू नका. तो चिकटा पुढे फोटो खातो, हे माझ्या लग्नाच्या फोटोंवरून सांगते.

माहेरचं घर पाडायचं ठरलं तेव्हा

हे सगळं खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते मागच्या उन्हाळ्यात. माहेरचं जुनं घर पाडायचं ठरलं, दादाचा फोन आला.

त्या घरात कुणी राहत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं पार उद्ध्वस्त झाली. सरकारी मोजणीनेच जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आमचं गाव त्या बावन्नांत नव्हतं. आमचं घर उभं राहिलं, पण उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. त्या दिवसापासून आई त्या घरात झोपली नाही. आधी पत्र्याचं शेड, मग पलीकडे दोन खोल्या बांधल्या. जुन्या घराला कुलूप लागलं ते तीस वर्षं.

मी मोबाइल घेऊन आत गेले तर भावजय दारातून हसली. "अक्का, भंगाराचे फोटो काढायलाव काय? माणसांचे तरी काढा की!"

ढाळजेत एक बाज उभी करून ठेवली होती, तिची सुंभाची वीण अर्धी लोंबत होती. माळवदाच्या एका भगदाडातून उन्हाचा कवडसा उतरला होता तो नेमका त्या विणीवर. सोप्यात जात्याची खालची तळी, वरची कुठे गेली कुणास ठाऊक. बळदाच्या तोंडाशी एक मापटं. माजघरात उतरंडीची तळाची दोनच मडकी. आणि चुलीजवळची ती दिवळी, आतून काजळीने काळीभोर, काजळी वर निमुळती होत गेलेली, जशी ज्योतीचीच सावली. मी लहानपणी रोज पाहिलेली दिवळी! ती इतकी देखणी आहे हे कळायला मला साठी उलटावी लागली.

संध्याकाळी मी बाजेवर आईशेजारी बसले आणि तिला एकेक फोटो दाखवू लागले. आईची नजर अधू झालीय, पण मोबाइलवर फोटो मोठा करता येतो. ती आधी बघायलाच तयार नव्हती. मग दिवळी आली आणि ती थांबली.

"ह्यात चिमणी ठिवत होते मी. तुझा दादा झाला तवा रातभर जळायची."

मग मापटं बघून तिला सुगीतली वाटणी आठवली. बाज बघून आबा आठवले, ती वीण त्यांनी स्वतः भरलेली. जातं बघून ती म्हणाली, वरची तळी मीच शेजारणीला दिली, तिची फुटली होती म्हणून. तीस वर्षं जे घर तिने नाव काढून बोललं नव्हतं, ते ती खोली-खोलीने सांगत होती. भावजय भाकरी थापता थापता ऐकत होती. तिने परातीतले हात धुतले आणि शेजारी येऊन बसली.

एक फोटो ठेवला नाही

त्यातला एक फोटो, खरं सांगते, सगळ्यांत सुरेख आला होता. उत्तरेच्या भिंतीची ती चीर. दगडांच्या मधून मावळतीचं ऊन आत घुसलं होतं आणि सबंध खोली सोनेरी झाली होती. कुणीही वाहवा म्हणावं असा!

आईने तो पाहिला आणि मोबाइल उलटा ठेवला. "एवढा काढून टाक, बाई."

त्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकू झोपल्या होत्या. आमच्या बाजूला चीर पडली, त्यांच्या बाजूला भिंत पडली. मला ते ठाऊक होतं. फोटो काढताना मात्र मी ऊन बघत होते.

मी तो पुसून टाकला. त्या रात्री पुष्कळ वेळ झोप लागली नाही. टाकून दिलेल्या वस्तूत सौंदर्य शोधावं हे खरंच; पण ती वस्तू कुणी टाकली आणि कुणाकडून सुटली, हे आधी विचारायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा नंबरात लावून ठेवलेल्या रंगीबेरंगी रिकाम्या घागरींचे फोटो सगळीकडे झळकले होते. दिसायला जणू रांगोळीच! पण त्यातल्या एकेका घागरीमागे रात्र जागलेली बाई होती. तिला विचारलं असतं तर तिने तो फोटो घरात लावला असता का? म्हणून मी आता एक नियम पाळते. वस्तू ज्याची, फोटो आधी त्याला दाखवायचा. त्याने नको म्हटलं तर नको.

आणि घर पाडलं, तेही बरोबरच झालं. त्या दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी लादनी आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फुटांचा थर. उन्हाळ्यात त्या माळवदाखाली गारवा असायचा खरा, पण भूकंपात माणसं दडपली ती त्याच ओझ्याखाली. जुनं ते सोनं म्हणून तिथे कुणी पुन्हा अंथरूण घालावं असं मी कधीच म्हणणार नाही. लाकूड विकलं गेलं, माती शेतात गेली. मापटं भावजयीने मागून घेतलं. दिवळीचा फोटो मोठा करून आईच्या खोलीत लावलाय, देवाच्या फळीखाली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते आणि दादाच्या जन्माची हकीकत सांगते. दादा आता आजोबा झालाय, तरी लाजतो!

माझ्या सासूबाईंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घंगाळाचा फोटो नाही, नावही नाही. त्यांच्या आईचं नाव काय, हे मी त्या दिवशीसुद्धा विचारलं नाही. लाज वाटली, आणि मग राहूनच गेलं. आता घरात सांगणारं कुणी उरलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीला माळा अवश्य आवरा. जे ठेवण्यासारखं नाही ते खुशाल मोडीत द्या, बोहारणीला द्या. फक्त देण्याआधी ती वस्तू दाराच्या उजेडात ठेवून एक फोटो घ्या आणि घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईला तो दाखवून विचारा, "हे कुणाचं हो?" आणि भांडं असेल तर त्याचा काठ नीट पुसून, फिरवून, नाव तेवढं वाचून घ्या.